दार माझं, जाहिरात त्यांची

३ मार्च, सकाळ
फ्रिजनं कुणाला न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं. दारावरच्या स्क्रीनवर लेकीचा फोटो नाही, दंतमंजन आहे. घ्या! म्हणालो मी. फ्रिज टुंग करून वाजला. दार नीट लागलं नसेल.
लेक शिकायला गेल्यापासून तिचा हसरा फोटो तिथे असतो, आणि दूध काढायच्या निमित्तानं ही जरा जास्तच रेंगाळते. आज दूध काढलं आणि दार लावून टाकलं. मी म्हटलं, "दोन दिवसांत फोटो परत आणतो." फ्रिज माझ्या पसंतीचा, तेव्हा जबाबदारीही माझीच. ही म्हणाली, "जुन्याला चुंबकानं लावता यायचा."
टोमणा नव्हता बहुतेक.

४ मार्च
सेटिंगमध्ये जाहिराती बंद करायचं बटण सापडलं. दाबल्यावर मांजराच्या खाण्याची जाहिरात आली. घ्या! आमच्याकडे मांजरच नाही. (टुंग.) फ्रिज माझा, वीज माझी, दूध माझं, आणि दारावर पाटी यांची. आता माघार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

७ मार्च
पार्सल आलं. दंतमंजन, मोठा पॅक. शिवाय मांजराचं खाणं. हिनंच मागवलं असणार. मांजर पाळायचं मनात होतं, तर आधी बोलायला हवं होतं. मी मोठ्या मनानं गप्प बसलो.

९ मार्च
कस्टमर केअरला झापलं. तिथली मुलगी म्हणाली, सर, फ्रिज तुमचाच आहे, दारावरची जागा कंपनीची. तुम्ही अटी मान्य केल्या आहेत. मी म्हणालो, नीट वाचून मान्य केल्या होत्या, तसं काही नव्हतं त्यात. (वाचल्या नव्हत्या. पण तिला कसं कळणार?) तिला कळलं. ते पान मी किती वेळ उघडं ठेवलं होतं, ते तिच्यासमोरच होतं.
वर म्हणते, तुम्ही 'घ्या' म्हणता, त्याला फ्रिज ऑर्डर समजतो. मी म्हणालो, मी असं बोलतच नाही. घ्या! आता माझी भाषा मला हे लोक शिकवणार!
टुंग.

१२ मार्च
संकल्प. 'घ्या' कायमचं बंद. इच्छाशक्तीपुढे यंत्र काय टिकणार! गुडघ्यांमुळे सासूबाई हल्ली आमच्याकडेच असतात. सकाळी त्यांना कप देताना क्षणभर अडलो, पण वेळेत सावरून म्हणालो, "सासूबाई, चहा घे."
त्यांनी कप तसाच खाली ठेवला. हिनं दिवसभर माझ्याशी एकेरीतसुद्धा बोलणं टाळलं. लढा म्हटला की घरच्यांना झळ बसतेच.

१५ मार्च
ग्राहक मंचासाठी तक्रार लिहून काढली. घणाघाती झाली आहे. ओट्याला टेकून दोघींना मोठ्यानं वाचून दाखवली. 'या अन्यायाची दखल घ्या.' 'मालकाची बाजू समजून घ्या.' 'तातडीनं निर्णय घ्या.' प्रत्येक वाक्याला फ्रिज टुंग, टुंग करत होता. त्यालाही पटलं म्हणायचं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

१७ मार्च
व्यायामाची सायकल आली. केस काळे करायचं तेल आलं. मांजराचं खाणं, पुन्हा. ही म्हणाली, "आता एक मांजर तेवढं आणा, म्हणजे कुणीतरी खूश होईल."
तक्रार अजून पाठवलेली नाही. भाषेवरून हात फिरवायचा आहे.

२० मार्च
हिनं लेकीचा फोटो छापून आणला आणि चिकटपट्टीनं स्क्रीनवर लावला. सगळी स्क्रीन झाकली गेली. मी म्हटलंच होतं, फोटो परत येईल. थोडा उशीर झाला, पण शब्द पाळला. पट्टीचा कोपरा मीच दाबून दिला. ही म्हणाली, "मालक, सरका. दूध काढायचंय." आणि रेंगाळली.

२१ मार्च
आवाज बंद करायचा राहिला होता. दुपारी सासूबाई पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेल्या, तर फोटोमागून गोड आवाज आला, "गुडघे दुखतात का?" सासूबाई नातीच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हो गं बाळे, फार दुखतात. तूच तेवढी विचारतेस बघ." फ्रिज कुठल्याशा मलमाचे गुण सांगत राहिला. त्या दाराला हात टेकून शेवटपर्यंत ऐकत होत्या.
मी आवाज बंद करायला उठलो होतो. तसाच उभा राहिलो.
सासूबाई खोलीत गेल्यावर मी फोटोजवळ तोंड नेलं आणि हळूच, पण स्पष्ट म्हणालो, "घ्या."
टुंग.
निर्णय सर्वस्वी माझा. शेवटी मालक मी आहे.