दार कावून उघडं ठिवलं

कडा,
१९ जानेवारी २०२६

प्रिय बायडास,
रामदादाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. थंडी आहे. तुझ्या सत्यशीलावहिनीचे गुडघे धरलेत, माझे त्याआधीच गेले. तूर निघाली. तुझा खोकला कसा आहे?

पत्र धनश्री वाचून दाखवेल असं धरून चाललो आहे. धनश्री, आजीला सावकाश वाचून दाखव. मध्येच थांबू नकोस.

दिवाळीनंतर तू एसटीने आलीस. चहा घेतला नाहीस. "रामदादा, तुमी दोघं एकाच जहाजावर व्हता. माझ्या भावानं, सटवानं दार कावून उघडं ठिवलं, येवढं सांगा."

मी म्हणालो, धांदल होती, आठवत नाही.

"आमची मेंढरं तुमच्या रानात कंच्या साली बसली ते याद हाय, आन ह्ये न्हाई व्हय?" एवढं म्हणून तू पिशवी उचललीस. सत्यशीला जेवायला थांब म्हणत होती, तरी थांबली नाहीस.

त्या आठवड्यात मी जहाज बुडाल्याबद्दल नवा जबाब लिहून दिल्लीला, नौदलाकडे पाठवला. शनिवारी उत्तर आलं. चार ओळी आहेत. अर्थ असा की प्रकरण बंद झालेलं आहे, आणि साक्षीदाराने त्या वेळी सही करून दिलेला जबाबच ग्राह्य धरला जाईल. तो साक्षीदार मी.

मग गावच्या विजयसिंहांना फोन केला. सरपंच झाल्यापासून ते मला काका म्हणतात. म्हटलं, सव्वीस जानेवारीला गावात सैनिकांच्या नावांचा दगड बसवताय, त्यावर सटवाचं नाव घाला.

"काका, दगड कोरून आला. तुमचं नाव पैलं हाय. कापड बी तुमीच वढायचं."

"सटवाही लढाईतच मेला."

"न्हाई कोन म्हनतंय? पर अहवालात काय लिवलंय? कागद बोलतो, काका. आपुन काय करनार? थंडीचं जपा. शाल आनलीया तुमाला."

नौदलाच्या चौकशी अहवालात एक ओळ आहे. हुकूम होऊनही सटवाने दार बंद केलं नाही, म्हणून पाणी पुढे शिरलं आणि जहाज गेलं. ती ओळ गावात कशी पोचली माहीत नाही, पण पोचली. कुणी कवाड लोटायला विसरलं की आजही म्हणतात, सटव्यावानी उघडं ठिवू नकु. तू पाणवठ्यावर, किराणा दुकानात, लग्नात हे चोपन्न वर्षं ऐकलंस. मीही ऐकलं. एकदा मी हसलोदेखील.

आता दाराचं सांगतो.

एकाहत्तरच्या लढाईत जहाजाला टॉर्पेडो लागला तेव्हा रात्र झाली होती. आम्ही खालच्या भागात होतो. दारं बंद करा, असा हुकूम आला. आमच्या भागाचं लोखंडी दार सटवाकडे होतं. दाराबाहेर वर जायची शिडी. आत पाणी भरत होतं. चौघं पळत बाहेर पडले. मी आत राहिलो. मला लागलं नव्हतं. मी कशात अडकलो नव्हतो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि माझे पाय उचलत नव्हते.

दुसऱ्यांदा हुकूम आला. मला ऐकू आला, म्हणजे त्यालाही आला. त्याने दार लावलं नाही.

तुमच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात जाळी लावून बसायच्या तेव्हा मी रोज तिन्हीसांजेला येऊन बघायचो. तुमचे म्हाळूबाबा तुम्हा भावंडांना एकच गोष्ट बजावायचे. शेवटचं मेंढरू आत आल्याबिगर जाळीचं तोंड बांधायचं न्हाई. एकदा एका लंगड्या मेंढीसाठी सटवा जाळीच्या तोंडाशी कितीतरी वेळ उभा होता. ओढ्याकडे लांडगा ओरडत होता. तू रडत होतीस, बांध म्हणत होतीस. त्याने बांधलं नाही.

जहाजावर त्याने मला नावाने हाक मारली नाही. मागे राहिलेल्या मेंढराला करतात तसा जिभेने आवाज केला. मग माझे पाय उचलले.

चौकशीत मला तीन प्रश्न विचारले. दार उघडं होतं का? हो. हुकूम आला होता का? हो. दारावर कोण होतं? सटवा. का उघडं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तू आत काय करत होतास? त्यांनी कागद पुढे सरकवला. मी सही केली.

इथपर्यंत सगळं नव्या जबाबात लिहिलं होतं. यापुढचं लिहिलं नव्हतं.

मी बाहेर आलो तेव्हा सटवा दार रेटायला लागला. पाण्याला जोर होता. एकट्याला ते हलत नव्हतं. "राम्या, खांदा लाव बे," म्हणाला.

मी शिडी चढलो.

दोघांनी दार लागलं असतं की नाही, सांगता येत नाही. लागलं असतं तर जहाज वाचलं असतं का, तेही नाही. जहाजाला भोक केवढं पडलं होतं हे कुणी पाहिलेलं नाही. ते तळाशी आहे. तुझा भाऊही तिथेच आहे.

येत्या सोमवारी, सव्वीसला, मी आलो नाही तर कापड दुसरं कुणी ओढेल. आलो आणि बोललो, तर म्हातारा चळला म्हणतील, शाल घालतील आणि खुर्चीवर बसवतील. दगड तसाच राहील. रोज उठून वेगळं ठरवतो. अजून काहीच ठरलेलं नाही.

हे पत्र जपून ठेव, नाहीतर चावडीत वाचायला दे. खाली सही केली आहे. माझी पहिली सही त्यांनी खरी धरली. ही धरतील असं वाटत नाही.

तू एवढंच विचारलं होतंस, दार कावून उघडं ठिवलं.

ज्याच्यासाठी ठेवलं, तो
रामकिसन