पप्पांची बोटं

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले, पप्पा खोटं बोलत नाहीत. इतक्या वर्षांच्या दारूने मेंदू खराब झालाय. जे आठवत नाही तिथे मेंदूच काहीतरी बनवून भरतो आणि पप्पांना ते खरंच घडलंय असं वाटतं. आता एक थेंबही नको.

काल मला सुट्टी होती. ते दिवसभर माझ्यासमोर घरात होते. तरी संध्याकाळी म्हणाले, "सकाळी खारबावला गेल्तो, आत्याकडं जेवलो."

लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर, तुटलेले धागे जोडण्यात पप्पांचं आयुष्य गेलं. खोटं बोलताना त्यांचा अंगठा आणि बोट आपसूक गाठ मारायला लागायची. आईने लहानपणीच सांगितलेलं, तोंडाकडे नको, बोटांकडे बघ. काल बोटं गप्प होती.

आज मी ड्युटीवरून आले तर दार सताड उघडं. पप्पा खाटेवर, तोंडाला बडीशेपेचा वास, दारूचा वास लपवायला खायचे तसा. पण बडीशेप ते जेवणावरही खातात.

"पप्पा, बाहेर जाऊन प्यायलात?"

"न्हाय गं. तुझी शप्पथ."

मी बोटांकडे बघितलं. गप्प.

मग खरंच नाही प्यायले? की प्यायले आणि...

कुणाला विचारू? या घरात आता कुणालाच माहीत नाही. त्यांनासुद्धा.