ओल्या बाभळींची उष्णता

अप्पा, आज सकाळी गॅस पेटवला आणि तुमची आठवण झाली. चांगली नव्हे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आग दिसली की मला आधी माझ्या बाभळी दिसतात.

सोलापुरातल्या आपल्या घरामागचा तो माळाचा तुकडा, पलीकडे गिरणी. मी परकर-पोलक्यातली आणि तुम्ही हायस्कुलात शास्त्र शिकवणारे मास्तर. शाळेतला एक जुना थर्मामीटर तुम्ही मला आणून दिलात. मुलीच्या हातात असलं काही देणारा बाप तेव्हा आळीत दुसरा नव्हता. त्या तुकड्यावर मीच दाट पेरलेल्या बाभळींच्या सावलीत मी तो धरायची, मग उघड्यावर धरायची, सुतळीने बुंधे मोजायची. तुकड्यावर पडणारं ऊन ठरलेलं. त्यातलं थोडं पानं धरतात, त्याचं लाकूड होतं, बाकीचं वाऱ्यावर जातं. घरात भाकरी तेवढीच आणि खाणारी तोंडं पुष्कळ, तसंच हे. थोरली झाडं आधी जेवतात, धाकटी सावलीत वाळतात. मग रान किती वाढेल आणि कुठे थांबेल, हे उन्हावरूनच सांगता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. रोज संध्याकाळी टोपी खुंटीला लावता लावता तुम्ही विचारायचात, "काय, उत्तर आलं का?" मी म्हणायची, झाडं अजून वाढताहेत, थांबली की सांगते.

तुम्ही तेवढा वेळ दिला नाहीत. माझं लग्न मैंदर्गीला ठरलं. केळवणाला मला करकंबला आत्याकडे पाठवलंत, तिने पुरणपोळ्या खाऊ घातल्या, नवं लुगडं दिलं आणि मला पोचवायला सोबत आली. घरी येऊन मागचं दार उघडलं तर थेट गिरणीचं धुराडं दिसलं. मधे काहीच नव्हतं. बाभळी तोडून, फोडून मांडवामागे रचल्या होत्या, वऱ्हाडाच्या स्वयंपाकासाठी. आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नगं बाय. बाभळच हाय ती, परत उगवती की." तुम्ही मात्र वर्गात हसायचात तसे हसलात. "उष्णता नष्ट होत नाही, नुसतं रूप बदलते. तूच मांडलंयस ना?" इतकं लागेल असं मला पुढे कुणीच बोललं नाही, सासूसुद्धा.

आणि लाकूड ओलं, अप्पा. शास्त्राच्या मास्तरांना एवढं कळू नये? आधी त्यातलं पाणी उकळणार, मग उरलेली आग अन्नाला. भात शिजेना, मांडवभर धूर. अंतरपाटाआड माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, तेव्हा बायका म्हणाल्या, धुराने हो. तुम्हीही तेच म्हणालात.

मैंदर्गीच्या ओढ्याकाठी आपोआप वाढलेल्या बाभळी होत्या. पाण्याला जाता-येता मी त्या वर्षानुवर्षं नुसत्या डोळ्यांनी मोजत राहिले. उत्तर आलं. रान भरत आलं की मिळेल ते ऊन आहे तेच जगवण्यात खर्च होतं, नवं लाकूड फारसं साठत नाही. म्हणून ते थांबतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांनाही नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही. राग अजून तसाच आहे, जराही निवलेला नाही. पण उत्तर आलं का, असं विचारणारं माणूस तुमच्याखेरीज मला भेटलंच नाही, आणि ज्या दिवशी उत्तर आलं, त्या दिवशी संध्याकाळी मी दाराकडे बघत बसले होते.