गोदागडाले ताण

मोर्शी, ६ जानेवारी २०२५

गोदे, माह्या नातवाचा रविवार तू ठेवून घेतला, तो मले वापस पाहिजे. हे आधी लिहिलं, कारण नमस्कार-आशीर्वाद झाले का तू गोड होते अन् मंग भांडता येत नाही.

धाकट्या जाऊबाईले थोरल्या पार्बताबाईचा आशीर्वाद वि. वि. इकडे सगळे खुशाल. फोनवर तू हसून विषय बदलते, म्हणून लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे, राग सरळ आहे.

काल स्वप्निल संत्र्याच्या बगीच्यात झाडायले आळी करू लागाले येणार होता. मी रोडगे टाकले, वांग्याची भाजी केली. दुपारी त्याचा फोन आला का तो अकोल्याच्या गाडीत बसला. म्हणे कंपनी त्याचा तो गडकोट नावाचा कम्प्युटरवरचा खेळ महिनाअखेर बंद करून राहिली, तवा आहे तोवर अकोल्याच्या आजीसोबत खेळून घेतो. बिमार माणसाले भेटाले जातात हे समजते. खेळाले भेटाले कोणी जाते काय?

दिवाळीले त्यानं मले तो खेळ दाखवला होता. नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे मोठा गड. गडाचं नाव वाचलं तं गोदागड. पार्बतागड कुठं आहे म्हणून विचारलं, तं म्हणे आजी, तू खेळत नाही ना. कॉलेजपुरता तुह्याकडे राहिला तं तुह्या नावाचा गड, अन् लहानपणी ज्याचं ढुंगण मी धुतलं त्याच्या नकाशात माह्या नावाची साधी चौकी नाही.

खेळ बंद होते हे ऐकून मले लई बरं वाटलं. आता रविवारी तो कुठं जाते ते पाहीन. लोभ जुना आहे, त्यात नवी भर घालाची गरज नाही.

पार्बताबाई

*

जठारपेठ, अकोला, १४ जानेवारी

ती. पार्बताबाईंस धाकट्या गोदाचा सा. न. वि. वि. आज संक्रांत, म्हणून तिळगूळ पाठवून राहिली. तुमी गोड बोलाल अशी आशा नाही, पण रीत आहे.

बाई, तुमी जळून राहिल्या अन् धूर जठारपेठेत येऊन राहिला. खेळ बंद होते म्हणून हसू नका. लेकरू जेवत नाही. तो खेळ जुना आहे, साऱ्या जगात खेळणारे तीस-चाळीस उरले असतील. कंपनीनं कितीक वर्षं त्याची डागडुजी केली नाही, दुकानातून काढून टाकला, नव्या माणसाले विकतच घेता येईना. अन् आता म्हणते का कोणी खेळत नाही. तिले नवा चकचकीत गडकोट खपवाचा आहे. त्यात गड बांधाचा तं एकेका बुरुजाले वेगळे पैसे. ह्या लोकायनं मिळून लिहिलं, आमाले नवा नको, जुना आमच्या हवाली करा, आमच्या विजेवर चालवतो. कंपनीनं कळवलं, विकणार नाही, फुकट देणार नाही, तुमी नवा घ्या, सूट देऊ.

मले काही मोठं खेळता येत नाही. पण एकानं चाल केली का दुसऱ्याची होईपर्यंत थांबा लागते. त्या थांबण्यात पोरगं बोलते. नांदगाव पेठेच्या मिलमध्ये त्याले रात्रपाळी लागली, झोप नाही, डोळे चुरचुरतात. तुमाले सांगितलं काय त्यानं?

तब्येतीले जपा, अन् रागालेही थोडा आराम द्या.

तुमची गोदा

*

मोर्शी, १० फेब्रुवारी

चि. स्वप्निलले आजीचा आशीर्वाद, तो वाया जाऊन राहिला तरी. वि. वि. रात्रपाळीची गोष्ट मले गोदीकडून समजावी? माह्या घरातली बातमी जठारपेठेतून फिरून येते.

मले वाटलं होतं खेळ मेला का तू मोकळा. तं सुतक पाळालेही तू दोन रविवार अकोल्यालेच गेला. त्यापेक्षा खेळ चालू होता तेच बरं होतं म्हणाची पाळी आली माह्यावर.

तुह्या कंपनीचं मले गोदीनं लिहिलं. आपण संत्र्याले ताण देतो. पाणी तोडतो, झाडाची पानं मलूल होऊ देतो. पण नजर ठेवून असतो, अन् वेळ झाली का पाणी सोडतो, तवा बहार फुटते. तुह्या कंपनीनं पाणी तोडलं अन् पाह्यलंच नाही. मंग वाळलं म्हणून कुऱ्हाड घातली. बरं, सरपणही कोणाले नेऊ दिलं नाही. असा बागवान आपल्या शिवारात असता तं त्याले कोणी पोरगी दिली नसती.

आता ऐक. मी अन् गोदी नव्यानं नांदाले आलो तवा ओट्यावर कोळशानं रेघा मारून वाघ-बकरी खेळत होतो. चिंचोक्याच्या बकऱ्या, खड्यांचे वाघ. सासूबाईनं ओटा सारवला का खेळ गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघा मारल्या. कोण्या कंपनीले विचारलं नाही. तुह्या खेळाचा नकाशा तुह्या डोक्यात आहे का तोही कंपनीनं नेला? असला तं काढ. चिंचोके माह्याजवळ आहेत. पण पट मोर्शीत राहील, अकोल्यात नाही. जेवाले काय करू ते कळव.

आजी

*

अमरावती, १७ फेब्रुवारी

ती. आजीस स्वप्निलचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिलच्या कँटीनमध्ये वाचलं. हसलो, मग परत वाचलं. कंपनीबद्दल आम्ही सगळे मिळून जे सांगू शकलो नाही, ते तू संत्र्यावरून सांगितलंस.

शेवटच्या दिवशी कोणी लढलं नाही. ज्याचं जेवढं सैन्य उरलं होतं तेवढं घेऊन सगळे त्या पुलावर जमले. पोलंडची एक निवृत्त मास्तरीण आहे, तिच्याकडे एकच घोडेस्वार होता, तीही आली. कंपनीचा निरोप आला, इतकी वर्षं सोबत राहिलात, आभारी आहोत. नंतर पडदा काळा झाला. मला वाईट याचं वाटलं, की आभार मानणाऱ्यांनी आमच्यातल्या एकाचंही पत्र नीट वाचलं नव्हतं.

आजी, मी मोर्शीला येत नव्हतो त्याचं कारण तुला माहीत आहे. दारात पाय ठेवला की तू मुलींचे फोटो काढतेस. अकोल्याची आजी नुसती म्हणते, तुझी चाल. फोटो कपाटात राहणार असतील तर येतो.

नकाशा पाठ आहे. मिलमध्ये विणीत दोष निघालेलं कापड साहेबांना विचारून घेतलं, त्यावर दोन पट काढतो, एक मोर्शीला, एक अकोल्याला. चाली पत्रानं. दर रविवारी मी येऊन तुझ्या पटावर चिंचोके हलवत जाईन. मी अन् अकोल्याची आजी खेळू, तू पंच हो. तू कोणाचीच बाजू घेत नाहीस. मला रोडगे चालतील.

तुझा स्वप्निल

*

अकोला, ४ मार्च

ती. बाईंस सा. न. वि. वि. पट मिळाला. भिंतीवर लावला, शेजारीण विचारते कोण्या देशाचा आहे.

पण हे काय लावलं तुमी? दोन रविवार झाले, पोरगं मोर्शीलेच. मले फोनवर सांगते, आजीनं असे रोडगे केले, आजीनं तशी भाजी केली. तुमच्यासमोर बसून त्यानं सायबाशी झालेलं भांडणही सांगितलं म्हणे. मले नाही सांगितलं. मी काय फक्त चाल करापुरती? मले चैन पडून नाही राहिली, खोटं काहून बोलू.

पंच म्हणून तरी न्यायानं वागा. एक रविवार इकडे पाठवा.

गोदा

*

मोर्शी, १० मार्च

गोदे, तुह्या चैनीचं वाचून मले काल दुपारी चांगली झोप लागली. आशीर्वाद. वि. वि.

पहिले एक समजून घे. पंच व्हायले मी कोण्या गावची पाटलीण नाही. मी कोणाचीच बाजू घेत नाही म्हणते पोरगं. त्याले सांगितलं, मी माही बाजू घेते. तो झाला पंच अन् मी बसली खेळाले. नदीच्या ह्या काठाले पार्बतागड काढून घेतला, तुह्या गडाहून बोटभर मोठा. त्याची रात्रपाळी संपली, डोळे निवळले. फोटोचं मी एकदाच काढलं होतं, तं त्यानं तेवढ्यावर माह्या तीन चिंचोक्यांचा दंड केला.

रविवार मिळणार नाही. तो पाहिजे असन तं तू इकडे ये, बगीच्यात बहार फुटला आहे, वासानं डोकं भरून जाते. तुह्यासाठी खाट टाकून ठेवते. थोडेसे रोडगेही उरतात.

आता माही चाल. मी पुलावर येत नाही, तुह्या गडावरही चढत नाही. नदीच्या वरच्या अंगाले, जिथून तुह्या गडाले पाणी जाते, तिथं माह्ये सगळे चिंचोके बसवले. गोदागडाले ताण दिला. मी कंपनी नाही, माही नजर आहे. पाणी कवा सोडाचं ते मी पाहीन.

उत्तर गोदीनंच द्यावं, सोताच्या हातानं लिहून. शेजारणीले विचारू नये, अन् स्वप्निलनं तिले एक शब्द सांगू नये.

पार्बताबाई