फायोलचा वळसा

गेरे, ९ मार्च १९८६

ती. बाबांस,
ओरियानचा सा. न. वि. वि.

आईने पाठवलेले लोकरी मोजे आणि हेझलनटचा केक, दोन्ही पोहोचले. केक कचेरीत उघडला ही माझी चूक. माझ्या वाट्याला नुसता कागद आला. खोली अजून थंड असते, पण खिडकीतून टेकड्या दिसतात, म्हणून तक्रार करत नाही.

आता कामाचे. आमचे पदभ्रमण मंडळ या उन्हाळ्यात पायवाटांचे पुस्तक काढणार आहे आणि लूब्राकची वाट माझ्याकडे आली आहे. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही रंगाचा डबा घेऊन जी वाट आखलीत, ती मी छापणार. मला याचा फार अभिमान वाटतो. गेल्या रविवारी बारा जणांना घेऊन मी ती चालले. (बस थांबायला तयार नव्हती म्हणून घरी आले नाही. आई रागावली असेलच.) गिरणीपासून चेस्टनटच्या रानापर्यंत सगळे खुशीत होते. रानाच्या तोंडाशी मात्र वाट दाखवणारी तुमची पिवळी पट्टी डावीकडे वळते आणि तीन किलोमीटर डांबरी रस्त्यावरून फिरवून आणते. जुनी वाट समोर सरळ रानात शिरते, फायोल वस्तीत अन्सेल्मकाकांच्या अंगणातून जाते आणि पलीकडे झऱ्यावर उतरते. तिच्या तोंडावर तुमच्या अक्षरात पाटी आहे: पुढे दलदल. मी आत जाऊन पाहिले. बाबा, तिथे दलदल नाही. माझा बूटसुद्धा ओला झाला नाही.

आमच्यात मादाम व्हेर्जा नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. डांबरावर त्यांचे गुडघे धरले आणि पुढची वाट त्यांना दुधाच्या गाडीतून यावे लागले. मी दोन वर्षांची असल्यापासून तुमचे आणि काकांचे बोलणे नाही, हे मला ठाऊक आहे. का नाही, ते घरात कोणी कधी सांगितले नाही. पण वाट सगळ्यांची असते. तुमच्या अबोल्यासाठी परक्या माणसांनी तीन किलोमीटर जास्त का चालावे? पुस्तक २० मेला छपाईला जाईल. त्याआधी वाट रानातून नेता येईल का? त्याला काकांची सही लागेल आणि तुमचा ब्रश.

कठोर लिहिले असेन तर माफ करा. माझ्यावरचा लोभ माझ्या भाषणांमुळे कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ओरियान


लूब्राक, १६ मार्च १९८६

चि. ओरियान हिस,
बाबांचे अ. आ.

पत्र पोहोचलं. घरात पहिली पदवीधर झाली तेव्हाच मी धरून चाललो होतो की आता भाषणं ऐकावी लागणार. ती टपालाने येतील असं मात्र वाटलं नव्हतं. तुझी आई रागावली आहे, पण बसवर. तुला क्षमा आहे.

दलदलीचं म्हणशील तर १९७२ साली पाऊस बरा झाला होता. पटत नसेल तर सोडून दे.

बरं, तू आता मोठी आहेस, तर ऐक. १९६५ च्या निवडणुकीत मी गावच्या कौन्सिलला उभा होतो. आपल्याकडे छापील यादीतलं जे नाव नको ते मतदाराला खोडता येतं. मोजणी शाळेत, सगळ्यांदेखत. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. एक चिठ्ठी उघडली, तर तिच्यात फक्त माझं नाव खोडलेलं. जाड निळ्या पेन्सिलीने. तसली पेन्सिल लूब्राकमध्ये एकाच माणसाच्या कानावर असते आणि तो फायोलचा सुतार, माझा सख्खा थोरला भाऊ. मी एका मताने पडलो. त्या वर्गात सगळ्यांनी आधी चिठ्ठीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. गावाने खोडलं असतं तर मी हसून सोडलं असतं.

पुढे गावानेच मला रस्त्यांचं काम दिलं. एकवीस वर्षं मी इथले चर उपसतो, कुंपणं छाटतो. फायोलचेही चर उपसतो, कारण तो पगाराचा भाग आहे. पट्ट्या मी हौसेने मारतो. हौसेने मी त्याच्या अंगणात जाणार नाही. तुझ्या मादामना सांग, गुडघ्याला कापूर चोळा.

तब्येतीला जप. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.

तुझे बाबा,
फेर्नां


गेरे, २५ मार्च १९८६

ती. अन्सेल्मकाकांस,
सा. न. वि. वि.

मी फेर्नांची मुलगी. जत्रेत मी तुम्हांला लांबून हात करते आणि तुम्ही टोपी उचलता, एवढीच आपली ओळख. सोबत परवानगीचा कागद आहे. रानातली वाट चालणाऱ्यांना खुली करायची आहे आणि ती तुमच्या अंगणातून जाते, म्हणून तुमची सही हवी.

हे पत्र बाबांना न विचारता लिहिते आहे. तुम्हांला न विचारता आणखी एक गोष्ट मनात ठेवणे मला खोटेपणाचे वाटते, म्हणून लिहून टाकते. निळ्या पेन्सिलीचे मला कळले आहे, आणि तुमचा राग आला आहे. सही केली नाहीत तरी चालेल, पण तसे का केलेत ते मला सांगा.

आगाऊपणा पोटात घालावा.

आपली,
ओरियान


फायोल, ४ एप्रिल १९८६

चि. ओरियान हिस,
अन्सेल्मकाकाचे अ. उ. आ.

सही करून कागद परत पाठवतो आहे. तुझ्या बापानेही मला असं सरळ विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पेन्सिल माझीच. त्या दिवशी खिशात पेन होतं. मी मुद्दाम पेन्सिल वापरली, त्याला कळावं म्हणून. तो भांडायला येईल या हिशेबाने मी दोन दिवस घरच्या सफरचंदांच्या सायडरची बाटली टेबलावर ठेवून बसलो होतो. तो आला नाही. मग मलाही जावंसं वाटलं नाही. अशा गोष्टीला पहिला आठवडा जड जातो, नंतर सवय होते.

का खोडलं, ते ऐक. फेर्नांच्या यादीतल्या लोकांना शेतांचं एकत्रीकरण हवं होतं. तुकडे जोडून मोठे चौकोन पाडायचे, मधली कुंपणं, झाडं, पायवाटा बुलडोझरखाली घालायच्या. शेजारच्या गावात तसं झालं होतं. मी सायकलवरून जाऊन पाहून आलो. चेस्टनट मुळं वर करून पडले होते, आणि एक म्हातारी आपल्या गायी कुठून न्यायच्या ते शोधत उभी होती. इथे सगळ्यांत मोठ्याने एकत्रीकरण मागत होता तुझा बाप. तीस वर्षांचा, नुकताच ट्रॅक्टरवर बसलेला. भाऊ म्हणून तो मला हवा होता. कौन्सिलवर नको होता.

हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझी अट एकच. पट्टी त्याने स्वतः मारायची. दुसऱ्या कोणालाही मी ब्रश घेऊन अंगणात येऊ देणार नाही.

जत्रेत आता लांबून हात करू नकोस, जवळ ये.

तुझा काका,
अन्सेल्म


गेरे, १३ एप्रिल १९८६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी तुमच्या पाठीमागे काकांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सोबत पाठवते आहे, ते आधी वाचा आणि मग हे पुढचे वाचा.

हे पत्र आठवडाभर माझ्या उशीखाली होते. पाठवू नये असेही मनात आले. लहानपणापासून मी तुमच्या मागून त्या कुंपणांमधून चालत आले. कुठल्या झुडपात कोकिळा बसते, कुठली फांदी छाटायची नाही, हे तुम्हीच शिकवलेत. हे सगळे पाडायला तुम्ही कधीकाळी मत मागितले होते, हे मला खरेच वाटेना. तुमचा राग आला. मग आठवले की मी आता त्याच वयाकडे चालले आहे, आणि मलाही सगळ्यांत मोठ्याने बोलायची सवय आहे.

वाट सगळ्यांची असते, हे मी मागे फार सोपे करून लिहिले. ही वाट उरली तीच त्या निळ्या पेन्सिलीमुळे. आता मी आग्रह करणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर पुस्तकात डांबरी रस्ता छापेन, पण दलदल छापणार नाही.

तुम्ही गप्प राहिलात तरी तुमची माया पोहोचते. तरीही दोन ओळी लिहा.

तुमची,
ओरियान


लूब्राक, ११ मे १९८६

चि. ओरियान हिस,
बाबांचे अ. आ.

उत्तराला उशीर झाला. अन्सेल्मचं पत्र मी तीन आठवडे कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. मग एका सकाळी तुझ्या आईने रंगाचा डबा उंबऱ्यात आणून ठेवला. तिचा हुकूम कसा असतो ते तुला ठाऊक आहे.

तो म्हणतो ते खरं आहे. निवडून आलो असतो तर पहिल्याच बैठकीत मी ते रान देऊन टाकलं असतं. हे मी त्याच्याजवळ कबूल केलेलं नाही. तूही करू नकोस, त्याच्या डोक्यात जाईल.

वाटेतली पाटी उपटली आणि पट्ट्या मारत मारत त्याच्या फाटकापर्यंत गेलो. तो रंधा मारत होता. एकवीस वर्षांनी माझ्याशी पहिलं काय बोलावं, तर म्हणाला की तुझा ब्रश फार रुंद आहे. मी म्हटलं, मी पट्टी मारतोय, चर्चमधला देव रंगवत नाही. मग पट्टी भिंतीवर की नाशपातीच्या झाडावर, यावर दुपारपर्यंत वाद चालला. तो म्हणे झाडावर लांबून दिसते. मी म्हटलं, झाड वाढतं, पट्टी फाटते. शेवटी मी विचारलं, एवढं होतं तर पासष्ट साली तोंडावर का नाही सांगितलंस. तो म्हणाला, ईस्टरच्या जेवणात दोनदा सांगितलं, पण तेव्हा तू बोलत होतास. मी बोलत असणारच.

पट्टी झाडावर मारली. ती वाकडी आहे असं त्याचं म्हणणं, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन सरळ केली. काल तिथे होतो, तर पुन्हा बोलावलं आहे. जरा उंच हवी म्हणे. आज दुपारी निघतो आहे. तुझी आई बटाट्याची पाई बांधून देते आहे, दोघांपुरती.

आणि तुझ्या पुस्तकासाठी एक. प्रत्येक वाटेला किती वेळ लागतो ते तुम्ही छापता ना? अंतर कमी झालं म्हणून वेळ कमी करू नकोस, उलट दीड तास वाढव. काल दोन जर्मन पोरी चालत आल्या, आम्हाला फक्त झऱ्याची वाट विचारत होत्या. त्याने त्यांना बसवून सायडर पाजली आणि गेल्या वीस वर्षांत केलेली एकूण एक खुर्ची दाखवली. त्यांना आमची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांना निघताच येईना. मला येते, आणि मलाही निघता आलं नाही.

सुट्टीत ये. इथे सगळे तुझी वाट पाहतात, आता फायोललाही.

तुझे बाबा,
फेर्नां