एका डब्यात एकच

३१ ऑगस्ट
उज्जैनला पोचलो. मी आणि निखिल. आमची घरं भिंतीला भिंत लागून, शाळाही दोघांनी एकाच दिवशी सोडली. बऱ्हाणपूरला गाडी बदलून सकाळी नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरलो तर पोहे-जलेबीच्या गाड्या लागलेल्या. पोटभर हाणले. काम फ्रीगंजमध्ये, माशांच्या टाक्यांच्या दुकानात. काच कापायची, सिलिकॉन लावून जोडायची. मालक प्रकाशभाऊ, मूळचे भुसावळचे, वडील रेल्वेत होते म्हणून इकडचे झालेले.

माझी बहीण पल्लवी म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, निदान तेवढा वेळ एका जागी बसशील. आईनं निघताना एवढंच विचारलं, यंदा किती दिवस टिकणार. मी शप्पथ घेतली, दिवाळीपर्यंत टिकतो आणि निखिलला घेऊनच घरी येतो.

राहायची सोय प्रकाशभाऊंनी माधव नगरात विनोदिनीकाकूंकडे लावली. मराठीच आहेत, पण कित्येक पिढ्या इथल्या. एकट्या राहतात. दुकानातून काचेचे डबे नेतात, म्हणून ओळख. त्यांनी आम्हा दोघांना अंगणात उभं केलं. हात पुढे करा, बोटं सगळी आहेत ना. चालून दाखवा. मग स्वतः डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, आमची नजर मागे येते का बघत. निखिल माझ्या कानात म्हणाला, मुलगी बघायला आलेत रे, आता कांदेपोहे येतात का विचारतील. मला हसू आवरेना.

निखिलचा एक पाय लहानपणी मोडलेला, जरा आखूड आहे. बसला की तो पाय हलवत राहतो. काकूंनी त्या पायाकडे बघितलं आणि मला ठेवून घेतलं. मी म्हटलं, खोलीत दोन खाटा मावतील.

"नाही बेटा. एका खोलीत एकच."

निखिल दुकानाच्या माळ्यावर झोपणार. माझी खोली झकास आहे. छताला आतून तारेची जाळी ठोकलीय, पाली पडू नयेत म्हणून.

५ सप्टेंबर
आज जनावर पाळलं! काकूंच्या मागच्या व्हरांड्यात काचेचे डबे ओळीनं मांडलेत, वर जाळीचं झाकण, आणि प्रत्येकात एकेक खंडोबाचा किडा. आपल्याकडे तुरीत दिसतो तो. हिरवा, लांब मानेचा, पुढचे हात जोडून बसणारा. काकू म्हणाल्या, एक घे आणि सांभाळ. तुझे पाय कुठे ठरत नाहीत, हा तुला बसायला शिकवेल.

मी सगळ्यात मोठा उचलायला गेलो, पंखवाला. त्या हसल्या. पंख आलेला थोडेच दिवस राहतो म्हणे, आणि अगदी बारका हातातच मरतो. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं मधला घ्यावा, शेवटची कात टाकायची बाकी असलेला. पाय सगळे आहेत का बघावं. समोर बोट फिरवलं की मान वळवतो का बघावं. पोट चपटं नको. आणि दोघांना एका डब्यात कधी ठेवू नये, सकाळी एकच उरतो.

मी एक निवडला. माझ्या बोटाबरोबर मान फिरवत होता. नाव ठेवलं पुजारी. मेलेलं खात नाही. हलतं तेच त्याला दिसतं. नाकतोडा सोडला तर तो गपचूप बसला, पुजारीही बसला. नाकतोड्यानं एक तंगडी हलवली आणि संपला. खाताना पुजारी माझ्याकडेच बघत होता.

११ सप्टेंबर
काकू खूप खाऊ घालतात. तुपात बुडवलेली बाटी, वर आणखी एक. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. "खाऊन घे, खाऊन घे, तुझी उमरच आहे." पोट सुटायला लागलंय. प्रकाशभाऊ खूश. आधी म्हणे चहाच्या नावानं दर घडीला बाहेर पळायचास, आता दगडासारखा बसतोस.

दुपारी काचेनं तळहात कापला. निखिल ओरडला तेव्हा मी खाली बघितलं. टेबल लाल झालेलं. दुखलं नाही. टाके घालतानाही नाही. डॉक्टरनं दोनदा विचारलं. निखिल म्हणाला, तुला काय होतंय ते सांग. मी म्हटलं, काही होत नाहीये, तेच तर.

१६ सप्टेंबर
पुजारी खात नाही. काकू म्हणाल्या, कात टाकायची वेळ आली. आता त्याला त्रास द्यायचा नाही. जाळीवर पाणी शिंपडायचं. वरून उलटं लटकतो आणि जुन्या अंगातून बाहेर येतो. पहिले काही दिवस नाजूक असतो. मग भूक लागते. तेव्हा काहीतरी हलतं आत सोडायचं.

मीही कालपासून जेवलो नाही. काकूंनी आग्रह केला नाही. ताट उचलून घेऊन गेल्या.

१८ सप्टेंबर
उठलो तर खिडकीची जाळी ओली. काकू बाहेरून पाणी शिंपडत होत्या.

तेव्हा डोक्यात आलं. हात दाखव. चालून दाखव. नजर फिरते का. पुजारीला मी जसं निवडलं तसंच त्यांनी मला निवडलं. घाबरायला हवं होतं. भीती जिथे असते तिथे हात घालून बघितला, काही नव्हतं. तरी पिशवी भरली.

नानाखेड्याला गेलो. बऱ्हाणपूरची गाडी लागलेली. कंडक्टर मला हाका मारत होता. मी उभा राहिलो. गाडी गेली. दुसरी आली, ती गेली. ऊन डोक्यावर आलं. एक पाऊल टाकायचं होतं फक्त. मग काकू रिक्षातून आल्या, कोपराला धरलं, घरी आणलं. रस्ताभर प्रेमानं बोलत होत्या.

निखिलला सांगितलं नाही. काय सांगणार.

२१ सप्टेंबर
पुजारीला पंख आले. जुना पुजारी जाळीला लटकलाय, पोकळ. हात तसेच जोडलेले.

माझ्या हाताची कातडी सुटली. टाक्यांसकट. मोज्यासारखी निघाली. खाली दुसरी आहे, फिकट, ओली. दुखलं नाही.

छताच्या जाळीत बोटं बरोबर अडकतात. पायाचीसुद्धा. खाली डोकं केलं की बरं वाटतं. पालींसाठी नाहीये ती.

२३ सप्टेंबर
काकूंनी खाली पडलेलं सगळं केरसुणीनं गोळा केलं. सुपलीत माझा चेहरा होता. त्यांनी तो जपून उचलला.

हात जुळलेले राहतात. पेन मनगटांत धरलंय.

आईचा फोन आला असावा. फळीवर फोन थरथरत होता तेवढा वेळ दिसला. मग थांबला. मग फळीवर काहीच नव्हतं.

आवाज निघत नाही —

२४ सप्टेंबर
भूक.

एवढंच वाटतंय. बाकी काही नाही.

२५ सप्टेंबर
बाहेर निखिल. काकूंना म्हणतोय, प्रकाशभाऊंनी पाठवलंय, आजारी आहे का तो, दार उघडा. त्या रडवेल्या आवाजात म्हणतायत, बरं झालं आलास बेटा, किती दिवस वाट बघते आहे.

एका खोलीत एकच. त्यांनीच सांगितलं होतं. आता त्या नाही म्हणतील —

"रहा ना आज त्याच्याजवळ. दोघं रहा. आता चालेल."

दार उघडलं. कडी बाहेरून लागली.

निखिल बोलतोय. अंधार का केलास म्हणतो. कुठे आहेस म्हणतो. वर बघ, निखिल — नको, बघू नको —

दिवाळीची तिकिटं काढली म्हणतो. दोघांची. आईला फोन करून सांगितलंय.

आता दिसत नाही. खाट वाजली. बसला असेल. चांगलं आहे. दिसत नाही तोवर चांगलं आहे. वही खाली टाकतो, म्हणजे वाचेल —

निखिल, हलू नको. अजिबात हलू नको. सकाळपर्यंत तसाच बस. आईची शप्पथ, पाय हलवू —

पाय

आखूड आहे तो. दिसला —