माताडतैती

आई, आज मी टिचकी मारली. कशाला ते सांगते, पण हसू नकोस.

उन्हाळा लागला की माठ घ्यायला तू मला बाजारात न्यायचीस. मी रंग बघून माठ उचलायची आणि तू ओरडायचीस, "डोळ्यानं काय दिसतंय गं? ऐक की!" मग तू माठ कानाशी धरायचीस, टिचकी मारायचीस आणि भर गर्दीत डोळे मिटून घ्यायचीस. कुंभारीण ताटकळत उभी, आणि तू कुठंतरी लांब गेलेली. मग तुझं अक्कलकोटकडचं कन्नड बाहेर पडायचं, "माताडतैती." बोलतोय. मुका माठ तू कधी घरात आणला नाहीस.

आता मी लेसरनं भुकटी वितळवते बघ, थरावर थर. ॲल्युमिनियमच्या भुकटीत सिरॅमिकची भुकटी, सुरीला धार लावायच्या चाकात असते तसली. त्यातून यंत्रमागाचा हलका आणि न झिजणारा भाग करायचाय. पण गार होताना दोघींचं पटत नाही. एक आकसते, दुसरी हटून बसते, आणि आतून तडा जातो. आजवरचे सगळे नमुने असेच वाया गेले. माझा भागीदार सकाळीच वैतागून म्हणाला, "आपा, ये भी फुटा तो मशीन वापस कर देंगे. बस हो गया."

या खेपेला थर जिच्यावर चढतात ती खालची पाटी तापवून ठेवली होती आणि तुकडा अगदी सावकाश गार होऊ दिला. वरून छान दिसत होता, पण वरून तर सगळेच छान दिसले होते. मी तो दोऱ्याला टांगला, टिचकी मारली आणि डोळे मिटले. पंखे, शेजारच्या शेडमधले माग, सगळं लांब गेलं. नुसता तो नाद राहिला, विरता विरेना.

"माताडतैती," मी म्हणाले.

"क्या बोले, आपा?"

"काही नाही. काप."

कापून बघितल्याशिवाय खरं कसं कळणार? करवतीनं त्याचे दोन भाग केले गं. सूक्ष्मदर्शकाखाली आत कुठंच तडा नव्हता. मशीन राहिलं, आई!

हे मी पाठवणार कुठं? तरी एक सांगते. तू गेल्यापासून घरात माठ नाही. फ्रिज आहे की, म्हणते सगळ्यांना. खरं तर भीती वाटायची, टिचकी मारून मी ऐकत उभी राहीन आणि शेजारून कुणी काहीच म्हणणार नाही. आज म्हणाले ते मीच. आवाज मात्र थेट तुझा होता.

उद्या माठ आणते.